उपाध्यक्षपदाचा उमेदवार कसा निवडावा: एका टॅक्सवाल्याची पद्धत

न्यू जर्सीत लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देणं हा माझा धंदा. मार्चमध्ये मान वर करायला फुरसत नसते, आणि नेमकं तेव्हाच माझी अकरावीतली पुतणी वही घेऊन आली. शाळेचा प्रकल्प होता: अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा एक उमेदवार धरा, त्याला रनिंग मेट, म्हणजे जोडीने लढणारा उपाध्यक्षपदाचा उमेदवार, शोधून द्या आणि कारणं लिहा. तिने उमेदवार न्यू जर्सीचा धरला होता आणि जोडीला नावही न्यू जर्सीचंच. म्हटलं, बस इथे.

पहिली चाळणी पत्त्याची. बाराव्या घटनादुरुस्तीनुसार कुठल्याही राज्याच्या निर्वाचकांना (राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडायला मत देणाऱ्या प्रतिनिधींना) अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही आपल्याच राज्याचे निवडता येत नाहीत. म्हणजे तिच्या जोडीला न्यू जर्सीच्या निर्वाचकांची 14 मतं दोघांसाठी मिळाली नसती. 2000 साली बुश टेक्ससचे आणि त्यांचे रनिंग मेट चेनीही तेव्हा तिथेच राहणारे. चेनींनी जुलैत मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश 271 मतांवर निवडून आले, त्यात टेक्ससची 32 होती. ती वजा केली की चेनींचं बहुमत कसं गेलं असतं ते बघा. गंमत म्हणजे बुशसाठी रनिंग मेट शोधायचं काम चेनींकडेच होतं. स्थळ शोधायला गेलेला मामाच बोहल्यावर चढला!

दुसरी चाळणी कागदांची, आणि इथे घाई नको. निदान दहा वर्षांचे रिटर्न मागा. नवऱ्याचा किंवा बायकोचा धंदा असेल तर त्याचेही मागा, कारण गडबड बहुधा तिकडे असते. 1984 मध्ये जेराल्डिन फेरारो या मोठ्या पक्षाच्या पहिल्या महिला उपाध्यक्षपद-उमेदवार झाल्या, आणि ऐन प्रचारातले आठवडे नवऱ्याच्या मालमत्ता-व्यवसायाचे हिशेब समजावण्यात गेले. घरकामाला बाई असेल तर तिचा सोशल सिक्युरिटी कर (सरकारी पेन्शनसाठीचा) भरला का, हे मी पहिल्या पाच प्रश्नांत विचारतो. लोक हसतात. 1993 मध्ये क्लिंटननी अॅटर्नी जनरलपदासाठी सुचवलेल्या झोई बेअर्ड यांना याच भानगडीत माघार घ्यावी लागली होती. शाळेच्या प्रकल्पाला रिटर्न कुठून मिळणार? पण सेनेटरांची मालमत्तेची विवरणं जाहीर असतात, ती काढा.

आता तब्येत. 1972 मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न यांना रनिंग मेट व्हायला बऱ्याच जणांनी नकार दिला होता, पक्षाचं अधिवेशन सुरू झालेलं, हाताशी काही तास. मिसुरीचे सेनेटर ईगलटन यांना फोन गेला, अडचणीचं काही आहे का विचारलं, ते नाही म्हणाले आणि सौदा पक्का. 1960 ते 1966 मध्ये नैराश्यासाठी तीनदा रुग्णालयात राहिल्याचं, उपचार म्हणून विजेचे झटके घेतल्याचं मागाहून बाहेर आलं. मॅकगव्हर्न म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. निवडीनंतर अठराव्या दिवशी ईगलटन तिकिटावर नव्हते. माझ्या मते आजारात लाजण्यासारखं काही नव्हतं. चूक फोनवर उरकण्यात झाली. 'काही अडचण नाही ना?' असं विचारलं की माझी गिऱ्हाइकंही 'नाही' म्हणतात, आणि मुदतीच्या तोंडावर 12 एप्रिलला चपलांच्या खोक्यात पावत्या घेऊन येतात. म्हणून समोर बसवून एकेक प्रश्न वेगळा विचारायचा.

'याला घेतला की याचं राज्य आपलं' या हिशेबावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. 1960 मध्ये जॉन्सनना घेऊन केनेडींनी टेक्सस जिंकलं हे खरं. पण 1988 मध्ये टेक्ससचेच बेंटसन सोबत असून ड्युकाकिसना टेक्सस मिळालं नाही, 2004 मध्ये एडवर्ड्स असून केरींना नॉर्थ कॅरोलायना नाही, 2012 मध्ये रायन असून रॉम्नींना विस्कॉन्सिन नाही. उधारीवरची जमा ताळेबंदात मांडू नका.

त्यापेक्षा उद्या हा खुर्चीवर बसला तर काय करेल ते बघा. 1841 मध्ये अध्यक्ष हॅरिसन महिनाभरात वारले. मतांच्या सोयीसाठी घेतलेले उपाध्यक्ष टायलर अध्यक्ष झाले, त्यांनी स्वपक्षाचीच बँक विधेयकं नाकारली आणि पक्षाने त्यांना बाहेर काढलं. पुतणीला सांगितलं, उमेदवार आणि रनिंग मेट दोघांनी सभागृहात केलेल्या मतदानाची नोंद शेजारी शेजारी मांड. जिथे जुळत नाही तिथे लाल खूण.

राहता राहिलं उपाध्यक्षाने करायचं काम. ते आधीच ठरवून लिहून घ्या. कार्टर-मॉन्डेल जोडीने हे नीट केलं. वेस्ट विंगमध्ये, म्हणजे व्हाइट हाउसच्या अध्यक्षांची कचेरी असलेल्या भागात, कचेरी मिळालेले मॉन्डेल पहिलेच उपाध्यक्ष.

पुतणीच्या यादीत आता दोन नावं उरलीत. एकाच्या बायकोची कन्सल्टिंग कंपनी आहे. रविवारी जेवण झालं की तिची विवरणं घेऊन बसणार आहोत.