क्रोम प्लेटिंगमध्ये केमिस्ट म्हणून लागताय? मग हे वाचून घ्या

जळगाव-धुळ्याकडे केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालं की पोरं एकतर वापी-अंकलेश्वरची गाडी धरतात, नाहीतर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. एमआयडीसीतल्या प्लेटिंगच्या शेडमध्ये जागा निघाली तर कोणी फिरकत नाही. “टाकीत लोखंड बुडवायला डिग्री कशाला लागते?” असं घरचेच विचारतात. मी ती नोकरी धरली आणि अजून त्याच धंद्यात आहे. क्रोमवरची बंधनं वाढत चालल्यामुळे केमिस्टला इथे आता बरा भाव आहे, म्हणून नव्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

आपल्याकडे काम जास्त करून हार्ड क्रोमचं, म्हणजे झीज होऊ नये म्हणून बसवायच्या जाड, कडक थराचं. पीव्हीसी पाइप, ठिबकच्या नळ्या, प्लास्टिकच्या चटया हे जळगावचे धंदे; त्यामुळे एक्स्ट्रूडरचे (प्लास्टिक वितळवून पाइप ओढणाऱ्या मशीनचे) स्क्रू आणि मोल्ड येत राहतात. ट्रॉलीच्या हायड्रॉलिक जॅकचे रॉड असतातच. बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रावणात, लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड आणि २.५ ग्रॅम सल्फ्युरिक. हे शंभरास एक प्रमाण बिघडलं की माल बिघडला. तापमान पन्नास-पंचावन्न अंश. गंमत अशी, की दिलेल्या करंटपैकी जेमतेम १० ते २० टक्केच क्रोम बसवायला लागतो, बाकीचा हायड्रोजन काढण्यात जातो. ते बुडबुडे वर येऊन फुटतात आणि क्रोमिक अ‍ॅसिडचे बारीक तुषार हवेत उडतात. यातलं क्रोमियम हेक्झाव्हॅलंट (सहा संयुजेचं; आम्ही नुसतं ‘हेक्झा’ म्हणतो), आणि ते कॅन्सर करणारं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात टाकलंय. कातडीवर न भरणारे व्रण होतात, नाकाच्या पडद्याला भोक पडतं. क्रोमचे व्रण हा कायद्याने सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे.

आता बंधनांकडे येऊ. नवे लोक हमखास इथेच गोंधळतात. काही नियम तयार मालात काय उरलं ते बघतात, काही नियम कारखान्यात काय वापरलं ते बघतात. युरोपचा रोह्‌स नियम आणि आपले ई-कचरा नियम पहिल्या जातीचे: इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या एकजिनसी घटकात हेक्झा क्रोम ०.१ टक्क्याच्या वर नको. रॉडवर बसलेला चकचकीत थर हा धातुरूप क्रोमियम असतो, त्यात हेक्झा नसतो. नीट धुतलेला रॉड ही परीक्षा पास होतो. त्याच रॉडसोबत जाणारा पिवळ्या पॅसिव्हेशनचा (गंजू नये म्हणून दिलेल्या रासायनिक थराचा) झिंक बोल्ट मात्र नापास होऊ शकतो, कारण त्या पिवळ्या थरातच हेक्झा असतो. खरेदीदाराचा फॉर्म आला की आधी बोल्ट बघा, रॉड नंतर.

दुसऱ्या जातीत युरोपचा रीच कायदा. २१ सप्टेंबर २०१७ पासून तिथे क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला परवानगी लागते. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये ठरवलं, की शोभेच्या क्रोमसाठी हेक्झा २०२७ पासून बंद (जादा बंदोबस्त करणाऱ्यांना २०३०), आणि हार्ड क्रोमसाठी २०३९ पासून. हे कायदे जळगावच्या टाकीला लागू नाहीत. पण तिकडे माल विकणारी कंपनी आपल्या मालकाला प्रश्न विचारते, मालक तुम्हाला विचारतो. उत्तर देता आलं पाहिजे.

मग ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचं, कमी घातक क्रोम) का वापरत नाही, हा पुढचा प्रश्न. नळाच्या तोट्या, फिटिंग अशा शोभेच्या कामाला ते चालतं. रंगात थोडा फरक पडतो आणि बाथमध्ये लोखंड-तांबं उतरलेलं त्याला खपत नाही. हार्ड क्रोमचा जाड थर भरवशाने बसवणं अजून अवघड आहे. “उद्या बदलून टाकू” म्हणणाऱ्या सेल्समनचं ऐका, पण आधी आपल्या मालाचं सॅम्पल मागा.

खरं शिक्षण ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर होतं. नारिंगी पिवळ्या पाण्याचा पीएच अडीचच्या खाली आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. काडी ओढल्यावर येतो तसा उग्र वास सुटतो, आणि बघता बघता पाणी हिरवं होतं: हेक्झाचं ट्राय झालं. नंतर चुन्याने पीएच साडेआठच्या आसपास नेला की हिरवट गाळ खाली बसतो. नुसत्या रंगावर विसंबू नका. डायफिनाइलकार्बाझाइड टाकून बघा; गुलाबी-जांभळी छटा आली तर हेक्झा शिल्लक आहे. सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियमची २. गाळ हा घातक कचरा: साधारण ९० दिवसांच्या आत मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याची अधिकृत नोंद) करून अधिकृत ठिकाणीच पाठवायचा. प्लेटिंगनंतरच्या पहिल्या धुण्याचं पाणी मात्र फेकू नका. बाथमधलं पाणी उडून जातंच, तिथे भरायला तेच वापरा. क्रोमिक अ‍ॅसिडचे पैसे वाचतात, ईटीपीवरचा भारही हलका होतो. आपल्याकडे पाण्याची ओढ असल्याने मालकाला हे लगेच पटतं.

मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि पुढ्यात पंचावन्नची टाकी असली की माणसं रबरी हातमोजे काढून ठेवतात. दंड लावून ते थांबत नाही. जिग (माल टांगायची चौकट) भरायचं काम सकाळी लवकर उरकून घेतलं तर थांबतं, हा माझा अनुभव. टाकीच्या काठावरचा एक्झॉस्ट ओढतो की नाही हेही बघत जा: रेक्टिफायर (टाकीला करंट देणारं यंत्र) बंद करून, हायड्रोजन निघून गेल्यावर, काठाशी अगरबत्ती धरा. धूर फटीत गेला पाहिजे, तुमच्या तोंडावर नाही.

इंटरव्ह्यूला गेलात तर पगारानंतर लगेच ईटीपीचं रजिस्टर आणि गाळाचे मॅनिफेस्ट बघायला मागा. देत असतील तर निम्मं काम झालं. महिनाभराचे हेक्झाचे आकडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले आणि रोज ०.०५ असेच दिसले, तर तिथला चहा पिऊन या आणि दुसरीकडे अर्ज टाका.