स्पेस ऑपेरात ग्रॅव्हिटीचा सापळा कसा लावायचा

स्पेस ऑपेरात, म्हणजे अंतराळातल्या साहसकथेत, हिरोचं जहाज हायपरस्पेसमध्ये (प्रकाशापेक्षा वेगाने पळायच्या वाटेत) उडी मारणार तेवढ्यात शत्रूने ग्रॅव्हिटी वेल, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा खड्डा, चालू केली, हा सीन लिहायला सगळ्यांनाच आवडतो, पण बरेचदा वाया जातो कारण सापळा लावणाऱ्याला त्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही.

आधी सापळा नक्की करतो काय ते ठरवा. स्टार वॉर्समधलं इमोबिलायझर ४१८ घ्या, ६०० मीटरचं क्रूझर, अंगावर ४ मोठे गोल प्रोजेक्टर. ते जहाजाला धरून ओढत नाही, ते काम ट्रॅक्टर बीमचं, म्हणजे जहाज खेचणाऱ्या किरणाचं. हे नुसती खोटी ग्रॅव्हिटी वेल उभी करतं, समोरच्या हायपरड्राइव्हला (हायपरस्पेसमध्ये उडी मारणाऱ्या इंजिनाला) वाटतं इथे ग्रह आहे आणि त्याचा सेफ्टी कटऑफ ड्राइव्ह बंद पाडतो. म्हणजे अडवतं कोण, तर पळणाऱ्याचीच सेफ्टी सिस्टीम! इथेच तुमचा सगळा ड्रामा आहे. पायलट म्हणते कटऑफ बायपास करते, इंजिनियर म्हणतो केलंस तर मरू, आणि दोघांचंही बरोबर असतं.

मग रेंज. खरी ग्रॅव्हिटी अंतर दुप्पट झालं की चौथाई उरते, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावर ९.८ असेल तर केंद्रापासून दुप्पट अंतरावर साधारण २.४५. त्यामुळे सापळ्याला भिंतीसारखी कडा देऊ नका, हळूहळू विरळ होत जाणारी हद्द द्या, आणि हिरोला तिथपर्यंत साध्या इंजिनवर पळू द्या, मागे फायटर लागलेले. आणि हो, वेल चालू झाली म्हणून लोक भिंतीवर आपटले असं प्लीज लिहू नका, ओढ जहाजाला आणि आतल्या माणसांना सारखीच लागते.

आता किंमत. वेल चालू असेपर्यंत त्या हद्दीतलं कोणीच उडी मारू शकत नाही, सापळा लावणारा पण नाही. म्हणून त्याच्यासोबत एस्कॉर्ट जहाजं हवीतच, एकटं क्रूझर पाठवलंत तर वाचक लगेच विचारणार. प्रोजेक्टर बिघडवणं हा सुटकेचा सगळ्यात चांगला मार्ग, स्टार वॉर्सच्याच रिबेल्स मालिकेत २०१५ मध्ये तेच केलंय, बिघडवलेल्या इंटरडिक्टरने (अशी वेल लावणाऱ्या जहाजाने) स्वतःचीच एस्कॉर्ट जहाजं ओढून घेतली.

मला विचाराल तर सगळ्यात जबरदस्त क्षण शत्रूच्या कॅप्टनचा असतो. शिकार अजून हद्दीत आहे, तिच्या मदतीला मोठा ताफा येऊन पोचलाय, आणि स्वतः पळायचं तर वेल बंद करावी लागणार. तिथे त्याला भरपूर जागा द्या, घाई करू नका.