जवळच्या माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार असतील तर

जवळचे माणूस अबोल झाले, "माझा सगळ्यांना त्रासच होतो" असे म्हणू लागले किंवा जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकू लागले, तर त्याच्याशी एकांतात बोलावे. मुंबईच्या वन रूम किचनमध्ये एकांत कुठला, हा प्रश्न खराच. अशा वेळी "चल, जरा पाय मोकळे करून येऊ" म्हणून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसावे. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून बोलणे पुष्कळांना सोपे जाते.

आडवळण न घेता विचारावे: "हल्ली तू नीट जेवत नाहीस, झोपत नाहीस. जीव द्यावा असे विचार मनात येतात का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उत्तर "हो" आले, तर "आईबाबांचा तरी विचार कर" हे वाक्य ओठांवर येऊ देऊ नये, कारण आपण घरच्यांना भार झालो आहोत ही टोचणी बहुधा त्याला आधीच असते. मुकाट्याने ऐकावे. "कोणाला सांगू नकोस" अशी शपथ त्याने घातली, तर "गावभर करणार नाही, पण डॉक्टरांपासून लपवणारही नाही" असे स्वच्छ सांगावे.

काही ठरवले आहे का, हेही विचारावे. ठरवले असेल, तर त्याला एकटे सोडू नये, औषधे व इतर घातक वस्तू त्याच्या हाती लागू देऊ नयेत आणि ११२ क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. धोका तातडीचा नसेल, तर केईएम, नायर, शीव या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपरच्या रांगेत आपण उभे राहावे, कारण त्या रांगेतूनच कित्येकदा माणूस परत फिरतो. प्रयत्न घडून गेला असल्यास पोलिसांच्या धास्तीने उपचार लांबवू नयेत: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरते आणि, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तिला खटला व शिक्षेपासून संरक्षण देते.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक अहोरात्र सुरू असतो, तेथे मराठीत बोलता येते आणि काय करावे हे न सुचलेल्या नातेवाइकांनीही तो जरूर फिरवावा.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात. तेव्हा "कसा आहेस?" या प्रश्नाला "बरा आहे" एवढेच उत्तर मिळते, त्यापेक्षा रात्री झोप लागली का, गोळी घेतली का, पुढच्या तपासणीला कोण सोबत येणार, असे विचारावे.