भ्रूण वितळवायचं असेल तर आदल्या संध्याकाळपासून

आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) लॅबमध्ये उद्या सकाळी गोठवलेलं भ्रूण वितळवायचं असेल तर आज संध्याकाळीच कामाला लागा. आधी फ्रीझिंगची नोंद काढा: भ्रूण कितव्या दिवसाचं, द्रव नायट्रोजनचा टँक कोणता, त्यातला कॅनिस्टर (डबा) कोणता आणि मुख्य म्हणजे गोठवलंय कसं, व्हिट्रिफिकेशनने (क्षणात, काचेसारखं गोठवणं) की जुन्या स्लो फ्रीझिंगने (हळूहळू गोठवणं). दोन्हींची वितळवायची रीत वेगळी. स्लो फ्रीझिंगची स्ट्रॉ (भ्रूण ठेवलेली बारीक नळी) थोडा वेळ हवेत धरून मग कोमट पाण्यात सोडतात. व्हिट्रिफाय केलेलं भ्रूण एका पट्टीच्या टोकावर असतं; ती पट्टी तशी हवेत रेंगाळली तर पेशींत बर्फाचे स्फटिक धरतात आणि भ्रूण हातचं जातं. म्हणून नोंद वाचल्याशिवाय टँकचं झाकण उघडू नका.

कल्चर मीडियमच्या (भ्रूण वाढवायच्या द्रावणाच्या) डिश तेलाखाली रात्रभर कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये ठेवा. किटमधलं थॉइंग सोल्युशन (वितळवायचं पहिलं द्रावण) मात्र तिथे नको, त्याचा पीएच बिघडतो. ते घट्ट झाकण लावून साध्या ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये, सोबत रिकामी डिशही. बाकीची दोन द्रावणं सकाळी फ्रिजमधून वेळेत काढा, म्हणजे खोलीच्या तापमानाला येतील. एक्स्पायरी आजच बघा.

सकाळी जोडप्याची सही असलेलं संमतीपत्र आणि प्रोजेस्टेरॉन (गर्भाशय तयार करणारं हार्मोन) कधी सुरू झालं त्याची नोंद कागदावर पाहा, नुसत्या फोनवर विसंबू नका. पट्टीवरचं नाव आणि नंबर मोठ्याने वाचा, दुसऱ्याने फाइलशी ताडून पाहू दे. घाई असली तरी हे टाळायचं नाही. दोन बायकांची आडनावं सारखी असणं आपल्याकडे रोजचंच.

गॉगल, हातमोजे, खेळती हवा. नायट्रोजनचं भांडं मायक्रोस्कोपला खेटून ठेवा. उणे १९६ अंशांतून ३७ अंशांच्या द्रावणात पट्टी एका सेकंदात बुडली पाहिजे. डिश आयत्या वेळी बाहेर काढा, आधीच काढली तर गार होते. पट्टीच्या टोकाच्या काळ्या खुणेवर फोकस केला की भ्रूण सापडतं: आकसलेलं, सुरकुतलेलं. घाबरू नका. द्रावणातली साखर पाण्याला एकदम आत शिरू देत नाही, नाहीतर पेशी फुगून फुटल्या असत्या. आमच्या किटला पहिल्या द्रावणात १ मिनिट, दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५. तुमच्या किटचं पत्रक वेगळं सांगत असेल तर तेच पाळा, एका कंपनीची द्रावणं दुसरीच्या किटमध्ये मिसळू नका.

मग दोन-तीन तास थांबा. ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचं भ्रूण) पुन्हा फुगायला लागलं की जोडप्याला फोन करा. ते सकाळपासून त्याच फोनची वाट बघत असतात.