त्र्यंबकला वंशावळ बघायला जाताय? आधी जुनं आडनाव शोधा

पाणी, चार्जर, वही-पेन वगैरे तुम्ही घ्यालच, ते सांगत नाही. मी सगळं घेतलं होतं, पॉवर बँक सुद्धा, आणि तरी हात हलवत परत आलो. कारण तिथले तीर्थोपाध्याय, म्हणजे आलेल्या घराण्यांच्या नोंदवह्या सांभाळणारे गुरुजी, त्यांनी बसवलं, चहा दिला, आडनाव विचारलं, मी ऐटीत म्हणालो कुलकर्णी. ते हसले. "कुठले कुलकर्णी? गावागणिक एक कुलकर्णी होता." मी आजोबांचं गाव सांगितलं सिन्नरकडचं, दोन बाडं (जुन्या वह्यांचे गठ्ठे) उलटून झाली, काही नाही. संध्याकाळी आत्याला फोन केला तर म्हणते, "अरे आपण मूळचे जुन्नरकडचे दीक्षित, कुलकर्णपण मिळालं म्हणून कुलकर्णी झालो, तुला कोणी सांगितलं नाही?" नाही सांगितलं, कारण मी विचारलंच नव्हतं!

तर पहिलं काम, जुनं आडनाव आणि मूळ गाव. तीर्थोपाध्यायांचे यजमान, म्हणजे त्यांच्याकडे येणारी घराणी, गाव-आडनावावर वाटलेले असतात, चुकीच्या दारात गेलात तर बरोबर वही दिसणारच नाही. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, जोशी असाल तर डबल चौकशी करा, हे सगळे हुद्दे आहेत. गावावरून 'कर' लागलं असेल तरी त्याच्या आधीचं आडनाव विचारा. आणि विचारायचं कोणाला, तर सासरी गेलेल्या म्हाताऱ्या आत्यांना, आपण उगाच काकांच्याच मागे लागतो. कुलदैवत, गोत्र पण लिहून घ्या, एकाच आडनावाची दोन घराणी निघाली की उपयोगी पडतं.

पणजोबांचं, त्यांच्या भावांचं नाव हवं. वहीत जो आला त्याने स्वतःच्या हाताने लेख लिहिलेला असतो, सोबत कोण, मुलं किती, त्यामुळे चुलत घराण्यातला कोणी सापडला तरी धागा लागतो. जुने लेख मोडी लिपीत. ओळभर रेघ आधी मारलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ विसरा. गुरुजी वाचून देतात पण सगळ्यांना तेवढा वेळ नसतो, मोडी वाचणारा ओळखीतला असेल तर न्या. शके दिसलं की 78 मिळवा, 1810 म्हणजे 1888. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. दक्षिणा आपल्या मनाने, पण सुट्टे न्या. पितृपक्षात अजिबात जाऊ नका, श्राद्धाच्या गर्दीत तुमच्यासाठी कोण बाड सोडणार, आणि 2027 ला सिंहस्थ आहे हेही लक्षात ठेवा.

जुनं आडनाव विचारलंत ना? नसेल तर गाडी बुक करू नका, खरंच.

तिथे नाहीच मिळालं तर तहसीलला गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, जुने फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, आणि आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, हे बघा. 2023 ला कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून हे शब्द सगळ्यांना पाठ झालेत, जास्त लिहीत नाही. पेशवे दफ्तर म्हणजे पेशवाईतले सरकारी कागद, ते पुण्यात, पण नुसतं नाव घेऊन जाऊ नका, गाव-परगणा लागतो.

शेवटी आपला लेख लिहून द्यायचा, स्वच्छ अक्षरात, मुलींची नावं घालून. दुसऱ्या खेपेला मला दीक्षितांच्या बाडात पणजोबा सापडले आणि त्या आनंदात मी बायकोचंच नाव लिहायचं विसरलो, आता त्यासाठी तिसरी खेप आहे.