डव्हडेलला चालायला जाताय? मग या चुका टाळा

उन्हाळ्यातला कुठलाही शनिवार घ्या. डव्हडेल म्हणजे इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातली डव्ह नदीची दरी. तिच्या कार पार्कात डर्बी, नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅमकडून आलेली आपली मंडळी हमखास भेटतात. डब्यात पराठे, पायात कोरे करकरीत स्नीकर्स आणि तोंडी एकच वाक्य, "हे काय, सपाटच तर आहे! आम्ही हरिश्चंद्रगड केलाय."

केला असेल. पण तो खडक वेगळा आणि हा वेगळा, आणि अर्धे घोटाळे इथेच होतात.

सह्याद्रीचा कातळ खडबडीत. कोरडा असला की बूट धरून ठेवतो. पीक डिस्ट्रिक्टच्या या दक्षिण भागात सगळी चुनखडी आहे, सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साठलेली. ती मऊ असते, आणि डव्हडेलमध्ये तर व्हिक्टोरियन काळापासून हौशी पर्यटकांचे पाय तिच्यावर घासताहेत. वर्दळीच्या जागी दगड स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा झालाय. त्यावर चार थेंब पडले, की उभं राहणंसुद्धा कठीण. नदी ओलांडायला ठेवलेले ते फोटोवाले पायदगड असोत, नाहीतर वाटेतल्या लव्हर्स लीप या कड्याच्या पायऱ्या, लोक पडतात ते बहुतेक उतरताना, तेही बोलता बोलता.

आमच्या घरचा नियम साधा आहे: चमकतंय तिथे पाय ठेवायचा नाही. शेजारची माती, गवताची कड, दगडातली खाच, काहीही चालेल. आणि तळवा झिजलेले बूट घरीच ठेवा. "नवे घेतलेत, पण ते खराब होतील" म्हणून जुने घालून येणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

आता माझा खास राग. थॉर्प क्लाउड.

पायदगडांच्या अगदी डोक्यावर ही टेकडी उभी आहे. उंची २८७ मीटर, म्हणजे आपल्याकडे तिला कुणी नावही दिलं नसतं. वर जायची शहाणी वाट लिन डेल या बाजूच्या छोट्या दरीतून वळसा घालून, मागच्या बाजूने चढते. पण नदीकाठावरून पाहिलं की समोर एक उभी पायवाट सरळ शिखराकडे जाताना दिसते. ती दिसली रे दिसली, की आपल्यातला कुणीतरी म्हणतोच, "वळसा कशाला? इथूनच जाऊ की!"

एका मित्राचे मेहुणे पुण्याहून आले होते. सकाळी पाऊस पडून गेलेला, गवत ओलं. लिन डेलने जाऊ असं मी दोनदा सांगितलं. "अहो, राजगड रात्री चढलोय मी," म्हणाले आणि कॅनव्हासच्या बुटांत निघाले. चढले व्यवस्थित, वरून हातही केला. उतरताना मात्र त्याच वाटेवर सुटी खडी पायाखालून सरकायला लागली, म्हणून ते बाजूच्या गवतावर गेले. उतारावरचं ओलं गवत खडीपेक्षा वाईट, हे त्यांना तिथे कळलं. मग खाली बसले आणि बसल्या बसल्याच, दोन्ही तळहात मागे टेकत, वीतवीत सरकत आले. आम्ही काठावर उभे. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. खाली पोहोचले तेव्हा तळहात सोललेले, पँट मागून पांढऱ्या चिखलाने माखलेली आणि शिवणीत उसवलेली. जवळच्या ॲशबॉर्न गावाची बस केव्हाच गेली होती. त्यांच्या बहिणीने परतीच्या टॅक्सीत एक शब्द काढला नाही, तो प्रवास मला टेकडीपेक्षा अवघड गेला.

तेव्हा कुणी काही म्हणो, लिन डेलनेच चढा आणि लिन डेलनेच उतरा. शॉर्टकटवाल्यांना मी हल्ली थांबवत नाही, फक्त गाडीची किल्ली काढून घेतो.

पाऊस भरपूर झाला असेल तर पायदगड पाण्याखाली जातात. मुलाला खांद्यावर घेऊन तरीही ओलांडणारे बाप मी पाहिलेत. कशासाठी? कार पार्कजवळच पादचारी पूल आहे. तो ओलांडून पलीकडच्या काठाने याच ठिकाणी येता येतं. वाट थोडी ओबडधोबड आहे, इतकंच.

वेळेचं गणितही चुकतं. कार पार्कपासून दरीच्या वरच्या टोकाच्या मिलडेल गावापर्यंत साधारण ५ किलोमीटर, आणि तेवढंच परत. नकाशावाली माणसं अजून नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा हिशेब धरतात: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. पण त्या हिशेबात सेल्फी, शू-शी आणि पराठे नाहीत. मी सरळ दुप्पट धरतो. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो आणि दरीत अंधार त्याहून लवकर होतो. जेवण उरकून बाराला घर सोडणाऱ्यांनी त्या दिवशी मॉलमध्ये जावं.

शेजारच्या मॅनिफोल्ड नदीकाठी उन्हाळी सहल ठरवणाऱ्यांची वेगळीच फजिती होते. नकाशात निळी रेघ, प्रत्यक्षात कोरडे गोटे. चुनखडीत भेगा आणि पोकळ्या असतात, त्यामुळे कोरड्या दिवसांत वेटन मिलच्या आसपास नदी जमिनीत शिरते आणि थेट आयलम गावाला बाहेर येते. याच भागातल्या लॅथकिल डेल या दरीच्या वरच्या टप्प्यातही हाच प्रकार. मुलांना पाण्यात खेळायचं असेल तर डव्ह नदीच बरी. प्यायचं पाणी मात्र घरून न्या, वरच्या कुरणांत गुरं चरतात.

फोनवर विसंबू नका, दरीत रेंज जाते. मी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचा व्हाइट पीक, ओएल २४ हा कागदी नकाशा ठेवतो. अडचण आलीच तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं.

फाटक जसं असेल तसंच सोडा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका. आपल्याकडची गाय ओळखीची असते, इथली नसते.

वारा सुटला असेल तर ॲश झाडांखाली डबे उघडू नका. या दऱ्यांतल्या ॲशला बुरशीचा रोग लागलाय आणि फांद्या मोडून पडतात. मिलडेलच्या जुन्या दगडी पुलापाशी बसा, तिथे जवळच टॉयलेटही आहे.