सातबाऱ्याचं बोट धरून पणजोबांपर्यंत

पणजोबांचा शोध आजोबांच्या मृत्यूपासून सुरू करा. घरात शेतजमीन असेल तर त्यानंतर वारस नोंद झालेली असते, आणि त्या फेरफारात (म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीत) मृत्यूची तारीख, बायको, मुलं एका जागी सापडतात. मुलींची नावं मात्र पुष्कळदा गाळलेली असतात.

हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळातले आकडे दिसतात, ते फेरफार क्रमांक. ते टिपून तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. काही जिल्ह्यांची कागदपत्रं 'आपले अभिलेख' संकेतस्थळावरही आहेत. एक फेरफार मिळाला की त्याआधीचा सातबारा काढा, त्यावरून आणखी मागचा फेरफार, असं मागे मागे जायचं.

धागा तुटतो तो बहुतेक एकत्रीकरणापाशी, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून जमिनींचे गट पाडले तिथे. तिथे सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचं पत्रक घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर शेजाऱ्याचाच वंश शोधत बसाल.

नावाआधीची अक्षरं नीट वाचा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: नाव एकट्या थोरल्याचं, पण हिस्सेदार भाऊ असू शकतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. यावरून ते मूल नोंदीच्या वेळी सज्ञान नव्हतं, म्हणजे साधारणपणे १८ च्या आत होतं, एवढं कळतं. 'भ्रतार' किंवा 'कोम'पुढे नवऱ्याचं, 'बिन' किंवा 'वलद'पुढे बापाचं नाव. नातवाला आजोबांचंच नाव ठेवायची रीत असल्यानं नुसत्या नावावर विसंबू नका. बापाचं नाव आणि सर्वे नंबर दोन्ही जुळले पाहिजेत.

आता जुना गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. त्यात गावातले जन्म-मृत्यू तारखेनं लिहिलेले असतात. वारस नोंद मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी झालेली असू शकते, म्हणून शोधायचं ते मृत्यूच्या तारखेनं, फेरफाराच्या नव्हे. कागदावर शक असेल तर ७८ मिळवा; १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९.

जुनी पानं मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत आणि शब्द सलग लिहितात, त्यामुळे नाव चुकीच्या जागी तुटतं. जाणकाराला एकच ओळ दाखवू नका, अख्ख्या पानाचा फोटो द्या. त्याच हातानं वर-खाली लिहिलेली नावं पाहून त्याला अक्षराचं वळण ओळखता येतं.

जमीन नसेल तर गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल मुलांची नोंदवही बघा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्याही गाव आणि आडनाव सांगून पाहता येतात.